तात्यासाहेबांच्या हातातली बाटली

"ए पोरी, हात काढ. माझ्या लेकाच्या अंगाला हात लावायचा नाय."

मृण्मयीने हात काढला नाही. रस्त्यावर पडलेल्या मुलाची मान तिने दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवली होती. ती सोडली असती तर मणक्याला धोका होता. मुलाचे नाव ऋतुराज. करमाडच्या अलीकडे, जालना रोडवर त्याच्या मोटारसायकलला टेम्पोने उडवले होते. डोके फुटले होते. श्वास चालू होता, पण शुद्ध येत-जात होती. भोवती गर्दी जमली होती आणि गर्दीच्या पुढे ऋतुराजचे वडील उभे होते. पांढरी टोपी, पिकलेल्या मिशा, तांबारलेले डोळे. लोक त्यांना तात्यासाहेब म्हणत होते. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती आणि तिचे झाकण उघडलेले होते.

"काका, पाणी देऊ नका. तो पूर्ण शुद्धीवर नाही. पाणी पोटात न जाता फुफ्फुसात जाईल."

"काका कुणाला म्हणतीस? तुझं-माझं काय नातं? वठ वाळलेत त्याचे, दिसत नाय व्हय तुला?"

"दिसतंय. पण नियम असा आहे की—"

"नियम!" तात्यासाहेब गर्दीकडे वळले. "ऐकलं का रे? लेकरू पाण्यावाचून तडफडतंय आन् ही नियम सांगतीया." मग ते पुन्हा तिच्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काय करशील आता? कालच्यासारखी रडशील?"

मृण्मयीने दचकून वर पाहिले. तेवढ्यात तिच्या खांद्यावर धक्का बसला. तात्यासाहेब पुढे वाकले आणि त्यांनी बाटली ऋतुराजच्या तोंडाला लावली. पाणी आत गेले. ऋतुराजच्या छातीतून घरघर आली, अंगाला झटका बसला, ओठ निळे पडत गेले. मग रस्ता, गर्दी, टेम्पो, सगळे करडे झाले आणि जागच्या जागी थांबले.

मृण्मयीने डोळ्यांवरचा चष्मा ओढून काढला.

ती जालना रोडवर नव्हतीच. छावणीच्या बाजूला एका जुन्या गोदामात रबरी चटईवर ती गुडघे टेकून बसली होती, आणि तिच्यासमोर मान धरायला ठेवलेला रबरी पुतळा होता. बाकी जे दिसत होते ते सगळे चष्म्यातले. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि मदतनिसांना तयार करण्यासाठी हे केंद्र सुरू झाले होते. डोळ्यांवर तो जाड चष्मा चढवला की खरा अपघात समोर उभा राहावा, आणि त्यातली माणसे खऱ्या माणसांसारखी बोलावीत, चिडावीत, अंगावर यावीत, अशी ती योजना होती. त्या माणसांना केंद्रात 'अवतार' म्हणत. खांद्यावर बांधलेल्या पट्ट्यामुळे अवताराने ढकलले तर धक्काही जाणवायचा.

"नापास," काचेमागून आवाज आला. तो डॉ. दमयंतींचा होता. केंद्र त्याच चालवत. पन्नाशी ओलांडलेल्या, केस आखूड कापलेल्या, गोड बोलायची सवय नसलेल्या बाई. "पेशंट गेला. दुसऱ्यांदा."

मृण्मयीचा हा दुसरा प्रयत्न होता. पहिल्या वेळी ती तात्यासाहेबांपुढे रडली होती आणि मागे सरली होती. आता एकच संधी उरली होती. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याला गाडीवर पाठवायचे नाही, कॉल सेंटरला बसवायचे, असा रुग्णवाहिका सेवेचा नियम होता. तिथे फोन घ्यायचा, पत्ता विचारायचा, दुसऱ्या कुणाला तरी गाडी घेऊन पाठवायचे. मृण्मयीला हे नको होते. घरच्यांशी भांडून तिने पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातली जागा सोडली होती आणि संभाजीनगरात रुग्णवाहिकेवरची नोकरी घेतली होती. मग पावसाळ्याच्या आधी फुलंब्रीच्या पुढे जमावाने तिची गाडी फोडली. पोलीस येईपर्यंत ती दार आतून लावून बसून राहिली आणि पेशंट बाहेर रस्त्यावर राहिला. पेशंट वाचला. पण तेव्हापासून तिला गाडीवर घेतलेले नव्हते.

"मॅडम, हा प्रोग्राम बिघडलाय," ती काचेजवळ जाऊन म्हणाली. "तो मला म्हणाला, कालच्यासारखी रडशील का. काल मी रडले हे त्या अवताराला कसं माहीत?"

दमयंतींनी पेन खाली ठेवले. "गर्दी कॉम्प्युटरची आहे. ऋतुराज कॉम्प्युटरचा आहे. तात्यासाहेब नाही."

"म्हणजे?"

"पलीकडच्या खोलीत माणूस आहे. त्याच्या तोंडासमोर कॅमेरा असतो. तो भुवई उचलतो तेव्हा तात्यासाहेब भुवई उचलतात. तो बोलतो ते तात्यासाहेब बोलतात. पढवलेला अवतार दोन वाक्यांत ओळखू येतो, मग पोरं त्याला घाबरत नाहीत."

मृण्मयी वळली आणि मधले दार ढकलून पलीकडच्या खोलीत गेली. दमयंतींनी मागून हाक मारली, पण तोवर उशीर झाला होता.

खोलीत लोखंडी खुर्चीवर एक माणूस बशीतून चहा पीत बसला होता. डोक्यावर हेल्मेटसारखे काहीतरी होते आणि त्यातून पुढे आलेल्या दांडीला छोटा कॅमेरा लावलेला होता. चहा प्यायला तो दांडी बाजूला करत होता. मिशा नव्हत्या, टोपी नव्हती. पण तांबारलेले डोळे तेच होते.

"आत यायला मनाई हाय," तो म्हणाला.

"तुम्ही मला धक्का दिलात."

"मी नाय. तात्यासाहेबानं दिला."

"तुमचं नाव काय?"

"कडुबा. पिशोरचा. आधी काळीपिवळी चालवायचो, आता हे करतो." त्याने बशी खाली ठेवली. "तुमी ती दार लावून बसलेली डॉक्टरीण ना? मॅडमनी सांगितलं मला. मानसाची दुखरी जागा माहीत पायजे, तर बरोबर बोलता येतं."

मृण्मयीने मागे वळून पाहिले. दमयंती दारात उभ्या होत्या. त्यांनी नजर चुकवली नाही.

"आणि यांची दुखरी जागा कोणती, तेही सांगा ना मला," मृण्मयी म्हणाली. "बरोबरीचा सामना होऊ द्या."

"त्यांनी काय सांगायचं? मीच सांगतो," कडुबा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "माझा धाकटा भाव रामकिसन. ह्याच रोडला ट्रकखाली आला. पोटावरून चाक गेलं, पर शुद्धीत होता. मला म्हनला, दादा, घोटभर पानी दे. मी बाटली आनली. गाडीवर तुमच्यासारखीच एक डॉक्टरीण. नाय म्हनली. दवाखान्याच्या दारात जाईस्तोवर तो पानी पानी करत गेला. घसा कोरडा ठेवून गेला. मी तवा त्या बाईला एक शब्द नाय बोललो. बाई शिकलेली, आपण अडाणी, म्हणून गप ऱ्हायलो." त्याने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. "आता बोलतो. रोज बोलतो. पगार घेऊन बोलतो."



हळहळ दाखवायची तर ती वेळ होती. मृण्मयीने दाखवली नाही. "तिने बरोबर केलं," ती म्हणाली. "पोटात रक्तस्राव असला की तहान लागतेच. पाणी दिलं असतं तर ऑपरेशनच्या टेबलावर उलटी होऊन गेला असता."

"बिगर पान्याचा बी गेलाच की."

"पण वाचायची संधी होती ना?"

"ती संधी तुमच्याजवळ ठेवा. मला त्याची तहान आठवते." कडुबाने दांडी परत तोंडासमोर ओढली. "उद्या या. उद्या बी मी नाय सोडणार तुमाला."

बाहेर आल्यावर मृण्मयी दमयंतींना म्हणाली, "मला दुसरा माणूस द्या. हे ट्रेनिंग नाही, सूड आहे."

"म्हणूनच घेतलंय त्याला," दमयंती म्हणाल्या. "नाटकातली माणसं आणून पाहिली मी. डॉक्टरने दटावलं की ती ऐकायची, कारण नाटक संपवून त्यांना घरी जायचं असायचं. फुलंब्रीच्या रस्त्यावर तू जमावाला म्हणाली असतीस का, दुसरा जमाव द्या म्हणून?"

मृण्मयी तरातरा फाटकाकडे निघाली. 

सोमनाथ फाटकाशी मोटारसायकल लावून थांबला होता. फुलंब्रीच्या दिवशी रुग्णवाहिका तोच चालवत होता. कपाळावर काचेच्या जखमेची खूण अजून होती. तिला तिच्या खोलीपर्यंत सोडायला तो आला होता.

"उडाली का दांडी परत?" त्याने विचारले.

"उडाली."

"मॅडम, एक सांगू का? द्या ना घोटभर पाणी त्या पोराला. चष्म्यातला तर हाय. खरं कोण मरतंय?"

"तो मरतो, सोमनाथ. पाणी गेलं की तो मरतो आणि मी नापास होते."

"मग बापाला एवढं पाणी पाणी कायला पायजे?" सोमनाथने स्वतःच डोके खाजवले आणि स्वतःच उत्तर दिले. "तसं त्याचं बी खरं हाय म्हणा. आमच्याकडं मानूस चालला असं दिसलं की पहिलं पाणी. तोंडात पाणी नाय पडलं तर घरातली मानसं जल्मभर तेच धरून बसतात. आमची चुलती गेली तवा आत्या जवळ असून पाणी घालायची ऱ्हायली. वीस वर्सं झाली, अजून बोलतात तिला. लगनाच्या मांडवात बी बोलतात."

"ते मरताना, सोमनाथ. जिवंत माणसाला नाही."

"अहो, त्या टायमाला कुणाला कळतंय, जिवंत हाय का चाललाय? भ्यालेलं मानूस बाटलीच उचलतं."

मृण्मयी मोटारसायकलवर बसता बसता थांबली. तिने ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिले. मग ती बसली आणि वाटभर तेच घोळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने चष्मा चढवला तेव्हा ती शांत दिसत होती. 

पुन्हा तोच रस्ता, तोच टेम्पो, तेच रक्त. ती ऋतुराजपाशी बसली आणि तिने मान धरली. तात्यासाहेब गर्दी फोडून पुढे आले.

"आली का दार लावून बसणारी!" ते गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हिच्या हातात देता व्हय लेकरू?"

"तात्यासाहेब, मी डॉक्टर मृण्मयी. तुमचा मुलगा श्वास घेतोय. स्ट्रेचर येतंय."

"स्ट्रेचर नगं. आधी पाणी."

मान क्षणभर गुडघ्यांत घट्ट धरून तिने पिशवीतली पट्टी ओली केली. हा उपाय तिने आदल्या दिवशीच ठरवून ठेवला होता. "हे घ्या. याने ओठ ओले करा त्याचे. तुम्हीच करा, तुमच्या हाताने. आत पाणी जाणार नाही."

तात्यासाहेबांनी पट्टी घेतली, पाहिली आणि तिच्या अंगावर भिरकावली. "चाटवतीस व्हय? माझ्या पोराला ओला बोळा चाटवतीस? कुत्र्याला तरी भांड्यात घालतात."

गर्दी पुढे सरकली. कॉम्प्युटरची माणसे तात्यासाहेबांचा आवाज चढला की पुढे सरकत, अशी त्यांची रचना होती. कुणीतरी म्हणाले, 'गाडी फोडा.' कुणीतरी म्हणाले, 'हिला खाली ओढा.' मृण्मयीच्या खांद्यावर धक्का बसला, मग दुसरा. फुलंब्रीचा आवाज तिच्या कानात भरला. तिथे काच फुटायच्या आधी असाच आवाज आला होता. तिचे हात सैल होऊ लागले.

तात्यासाहेब गुडघ्यावर बसले. बाटली ऋतुराजच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आली.

"तात्यासाहेब," मृण्मयी म्हणाली. ती ओरडली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढाच तिने आवाज काढला. "आपल्याकडे माणसाच्या तोंडात बळंच पाणी कधी घालतात?"

बाटली थांबली.

"माणूस जाताना घालतात. तुमचा मुलगा जिवंत आहे. नाडी माझ्या बोटाखाली आहे. पण तुम्ही त्याला मेला धरलाय. बाप असून तुम्ही आशा सोडलीत आणि शेवटचं पाणी घेऊन आलात. मी परकी आहे, मी नाही सोडली. हे सगळे बघतायत. सांगा यांना, तुम्हाला तो जगायला पाहिजे का नको?"

आजवर तिचे बोलणे संपायच्या आत तात्यासाहेबांचे उत्तर यायचे. या वेळी आले नाही.

मृण्मयीने वर पाहिले. समोरचा चेहरा हलत नव्हता. फक्त पिकलेल्या मिशांखालचा ओठ थरथरत होता आणि तो थांबवायचा प्रयत्न चाललेला दिसत होता. भिंतीपलीकडे कॅमेऱ्यासमोर कुणाचा ओठ थरथरतोय हे तिला माहीत होते. ते वाक्य तिने तात्यासाहेबांसाठी बनवलेच नव्हते. कडुबासाठी बनवले होते. रात्री जागून बनवले होते, आणि ते जिथे लागायला हवे होते तिथेच लागले होते.

ते परत घ्यायचे की पेशंट उचलायचा?

"स्ट्रेचर इकडे," ती म्हणाली. "तात्यासाहेब, बाजूला सरा."

ते सरले. त्यांनी मदत केली नाही, शिवी दिली नाही. बाटली हातात लोंबकळत राहिली. आणि त्यांच्या आवाजावर चालणारी गर्दी त्यांचा आवाज बंद झाल्यावर जागीच उभी राहिली. गाडीचे दार लागले. ऋतुराजचा श्वास चालू होता.

"पास," काचेमागून दमयंती म्हणाल्या. "सोमवारपासून गाडीवर जा."

मृण्मयीने चष्मा काढला. ज्यासाठी इतके केले ते हातात आले होते. ती उठायच्या आत मधले दार उघडले आणि कडुबा आत आला. हेल्मेट त्याने काखेत धरले होते आणि कपाळावर पट्ट्याचा वळ उमटला होता.

"रामकिसननं मागितलं होतं पाणी," तो म्हणाला. "तोंडानं मागितलं. मी शेवटचं म्हणून नेलं नव्हतं. त्याला तहान लागली म्हणून नेलं होतं. तो जाईल असं माझ्या मनात बी नव्हतं."

"मला माहीत आहे," मृण्मयी म्हणाली.

"माहीत होतं तरी बोललात?"

"माहीत होतं म्हणूनच बोलले. दुखरी जागा माहीत असली की बरोबर बोलता येतं, असं तुम्हीच म्हणालात."

कडुबा तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या पाहण्यात हार नव्हती आणि माफी तर नव्हतीच.

दमयंती काचेमागून बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान दिसत होते. "मृण्मयी, ते वाक्य मला नीट सांग बरं. पाण्यावरून दर महिन्याला कुठे ना कुठे मार खातात आपली पोरं. पुढच्या तुकडीपासून हे मी सगळ्यांना शिकवणार आहे. बापाला गर्दीसमोर विचारायचं, जगायला पाहिजे का नको. बघू कोण बाटली उचलतो."

"सगळ्यांना नको, मॅडम," मृण्मयी म्हणाली. ते तिच्या तोंडून आपोआप गेले.

"का?"

का ते तिला सांगता येत होते. ते वाक्य ऐकून घरी गेलेला बाप मुलगा वाचला तर ते विसरेल. मुलगा गेला तर जन्मभर ते घेऊन बसेल, की मी आशा सोडली होती असे एक डॉक्टरीण चारचौघांत म्हणाली. पण हे बोलायचे तर कडुबासमोर बोलावे लागले असते, आणि आत्ताच पदरात पडलेली सोमवारची गाडी दमयंतींनी कदाचित पुन्हा विचारात घेतली असती. ती गप्प राहिली.

"शिकवा, मॅडम," कडुबाच म्हणाला. "खुशाल शिकवा सगळ्यांना. मला बी काम पायजे. मी त्याच्यावर उत्तर तयार ठेवतो." त्याने हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवले. बाहेरच्या बाकावर परीक्षेला आलेला पुढचा मुलगा आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता.

"काय उत्तर?" मृण्मयीने विचारले.

कडुबाने कॅमेऱ्याची दांडी तोंडासमोर ओढली आणि आपल्या खोलीकडे चालू लागला.

"सोमवारी रोडवर जाताय ना?" तो मागे न पाहता म्हणाला. "तिथं कुणीतरी देईल तुमाला."